साहेबाचा रोग की शिपायाचा?

"डॉक्टरसाहेब, आम्हाला कसला आलाय हार्टअ‍ॅटॅक? तो मोठ्या लोकांचा आजार. आम्ही रोज पोती उचलणारी माणसं!"

बाजारात हमाली करणारे पन्नाशीचे एक गृहस्थ मला असे म्हणाले, तेव्हा त्यांचा कार्डिओग्राम माझ्या हातात होता. आदल्या संध्याकाळी छातीत कळ आली होती. गॅस झाला असेल म्हणून त्यांनी सोडा घेतला, छातीला बाम चोळला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यात आले. ते वाचले. परंतु तोपर्यंत हृदयाच्या स्नायूचा बराच भाग निकामी झाला होता. त्यानंतर त्यांना पोते उचलता आले नाही.

हृदयविकार हा श्रीमंतांचा रोग, हा समज आपल्याकडे पक्का रुजलेला आहे. तो अगदीच निराधार होता असे नाही. इंग्लंडमध्ये १९३०च्या सुमारास मृत्यूच्या नोंदींत हा विकार वरच्या वर्गात अधिक दिसत असे. सिगारेट, चमचमीत खाणे व बैठे काम प्रथम पैसेवाल्यांच्या घरी आले. पुढे या गोष्टी सर्वांच्या आवाक्यात आल्या. शिकलेल्यांनी त्या हळूहळू सोडल्या, गरिबांकडे त्या राहिल्या. १९६०च्या सुमारास इंग्लंडमधले चित्र उलटे झालेले होते.

याचा सर्वांत बोलका पुरावा लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतून मिळाला. १९६७ साली 'व्हाइटहॉल' नावाची पाहणी सुरू झाली. साडेसतरा हजार सरकारी नोकरांवर साडेसात वर्षे लक्ष ठेवल्यावर असे आढळले की, सर्वांत खालच्या श्रेणीतील शिपाई-निरोप्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या साडेतीन पटींहून अधिक होते! यांतील कोणी उपाशी नव्हते. सर्वांना कायम नोकरी होती, सरकारी औषधोपचार मोफत होता. तरीही हुद्द्याची एकेक पायरी खाली उतरावी तसा धोका वाढत होता.

शिपाई सिगारेट जास्त ओढत, त्यांचा रक्तदाबही जास्त होता, हे खरे. परंतु रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांचा सगळा हिशेब मांडूनही निम्म्यापेक्षा कमी फरकाचा उलगडा झाला. १९८५ साली सुरू झालेल्या दुसऱ्या पाहणीत आणखी एक धागा हाती लागला. ज्यांना आपल्या कामावर स्वतःचा ताबा नाही, म्हणजे केव्हा, किती व कसे करायचे ते दुसराच ठरवतो, त्यांना हृदयविकार अधिक होतो. सततच्या ताणाने अ‍ॅड्रिनॅलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढलेली राहतात. रक्तदाब आणि साखर यांवर त्यांचा परिणाम होतो.

आता देशादेशांकडे पाहू. भारतासह १७ देशांतील दीड लाखाहून अधिक लोकांची 'प्युअर' ही पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. कोलेस्टेरॉल, रक्तदाब अशा धोक्यांची बेरीज श्रीमंत देशांत सर्वांत जास्त आणि गरीब देशांत सर्वांत कमी निघाली. मग मृत्यूही श्रीमंत देशांत जास्त असायला हवेत. प्रत्यक्षात उलटे घडले! हृदयविकाराचा वा पक्षाघाताचा झटका आलेल्यांपैकी श्रीमंत देशांत शंभरी साधारण साडेसहा, तर गरीब देशांत सतरा दगावले. २०१९ साली याच पाहणीतून असेही दिसले की, गरीब देशांत कमी शिकलेल्यांना असे झटके येण्याचे प्रमाण शिकलेल्यांच्या दुपटीहून अधिक आहे. पैशापेक्षाही शिक्षणाचा संबंध अधिक घट्ट निघाला.

आपल्या देशातील 'क्रिएट' ही पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. ८९ रुग्णालयांतील वीस हजारांहून अधिक रुग्णांची नोंद तीत आहे. झटक्यानंतर तीस दिवसांत गरीब रुग्णांपैकी शेकडा ८.२ मरण पावले, श्रीमंतांपैकी ५.५. दोघांना मिळालेल्या उपचारांतील फरक हिशेबात धरला, तेव्हा मृत्यूतील ही तफावत उरली नाही. म्हणजे गरिबाचे हृदय मुळात दुबळे नसते. त्याच्यापर्यंत उपचार पोहोचत नाहीत. निम्म्या रुग्णांना तर रुग्णालय गाठायलाच सहा तास किंवा त्याहून अधिक लागले होते.

वाचकहो, हुद्दा आणि मिळकत एका दिवसात बदलत नाही. परंतु पुढील गोष्टी आपल्या हाती आहेत:

१) छातीत दडपण, डाव्या हातात, जबड्यात वा पाठीत कळ, दरदरून घाम, दम लागणे यांपैकी काही झाल्यास सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मधुमेह असलेल्याला फक्त अपचनासारखे वाटू शकते.

२) चाळिशीनंतर वर्षातून एकदा तरी रक्तदाब व साखर तपासावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी होते. चालू असलेल्या गोळ्या बरे वाटले म्हणून बंद करू नयेत.

३) विडी, तंबाखू, मिश्री सोडावी. लोणचे, पापड व वरून मीठ कमी करावे.

४) महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी व बायपास होते. जवळचे कोणते रुग्णालय या योजनेत आहे, हे आजच विचारून ठेवावे. शिधापत्रिका व आधारकार्ड हाताशी असू द्यावे.

ते हमाल गृहस्थ आता बाजारातच एका गाळ्यावर वजनाच्या नोंदी करतात. कोणी छाती चोळताना दिसला की त्याला दटावून माझ्याकडे पाठवतात. मागच्या महिन्यात त्यांनी पाठवलेला एकजण तासाभरात पोहोचला होता. तो पुन्हा कामावर गेला.