कॅप्टन कोण होता?

इंग्लिश प्रीमियर लीग फुटबॉलवर आधारलेला ‘फॅन्टसी प्रीमियर लीग’ हा ऑनलाइन खेळ खेळायला पैसे लागत नाहीत. ठाण्या-डोंबिवलीतल्या मित्रांनीही एक कोड वाटून घेतला की खासगी लीग तयार! प्रत्येकाने १० कोटी पौंडांच्या काल्पनिक बजेटमध्ये १५ खेळाडू घ्यायचे, एका क्लबचे जास्तीत जास्त तीन.

या लीगच्या आठवड्याचा आढावा मात्र नुसत्या गुणतक्त्यावर लिहू नये. खरी गोष्ट कॅप्टनपाशी असते. आघाडीवीर पूर्ण सामना खेळला (२), दोन गोल केले (८) आणि एका गोलला साहाय्य केलं (३), तर बोनस सोडून १३ गुण. तोच कॅप्टन असेल तर दुप्पट, म्हणजे २६! एवढ्याने आठवडा फिरतो. मग बेंचवर वाया गेलेले गुण आणि जादा बदलीपायी कापलेले चार गुण पाहावेत.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणाऱ्या ऑगस्ट २०२५च्या केंद्रीय कायद्यानंतर मुंबईच्या ड्रीम११ या फॅन्टसी कंपनीने पैशांच्या स्पर्धा बंद केल्या. मित्रांची ही लीग फुकट आहे, ती तशीच ठेवा.

संघ आठवड्यातल्या पहिल्या सामन्याच्या दीड तास आधी कुलूपबंद होतो. शुक्रवारी रात्री सामना असेल, तर घरी परततानाच लोकलमध्ये कॅप्टन ठरवून टाका.