फांदी सुटते तेव्हा

शेलूबाजारच्या शिवारात दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची सोंगणी उरकलेली असते आणि रानात तेवढी तूर उभी असते. पावसाळा सरल्यावर याच सुमारास शॅमेलिअनची मादी अंडी घालायला झाडावरून जमिनीवर उतरते. एरवी पानांत लपून राहणारा हा सरडा मग धुऱ्यावर, पांदणीत, कधी डांबरी रस्त्यावर दिसतो. कोणी त्याला घोयरा म्हणतं. विषारी समजून कोणी दगड उचलतं, तर पोरं पायाला दोरा बांधून खेळवतात. त्याला विष अजिबात नसतं. दोऱ्याने मात्र त्याचा जीव जाऊ शकतो, कारण या प्राण्याचं सगळं जगणं पायांच्या पकडीवर चालतं.

त्याच्या प्रत्येक पायाला पाच बोटं असतात, पण ती दोन गटांत जोडलेली. पुढच्या पायात तीन आतल्या बाजूला आणि दोन बाहेर. मागच्या पायात याच्या उलट. त्यामुळे पाऊल चिमट्यासारखं फांदीवर बसतं. भक्ष्य टिपताना जीभ धडाच्या दीडपट किंवा त्याहून लांब फेकली जाते, आणि त्या वेळी अंग स्थिर ठेवतात ते हे चार चिमटे आणि शेपटी. पाल शेपूट टाकून पळते आणि तिला नवी फुटते. शॅमेलिअनला ती सोय नाही. पकड ढिली झाली की शिकार हुकते, आणि झाडावरून पडण्याचा धोका वाढतो तो वेगळाच.

भारतात सापडणारी शॅमेलिअनची जात एकच, ‘कॅमेलिओ झेलॅनिकस’. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला संरक्षण आहे. ती पकडणं, पाळणं, विकणं गुन्हा आहे. पाळीव म्हणून जगभर दिसतो तो मुख्यतः येमेन आणि सौदी अरेबियातला, डोक्यावर उंच तुरा असलेला शॅमेलिअन. असे परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. पिंजऱ्यातल्या शॅमेलिअनच्या पायांना काय होतं, ते या पाळीव जातींवर उपचार करताना पशुवैद्यकांच्या चांगलं लक्षात आलं आहे.

सर्वांत जास्त आढळतो तो हाडांचा आजार. सूर्यप्रकाशातल्या अतिनील ‘बी’ किरणांमुळे कातडीत ‘ड३’ जीवनसत्त्व तयार होतं आणि त्याच्या मदतीने अन्नातलं कॅल्शियम अंगी लागतं. खिडकीची काच हे किरण अडवते, म्हणून काचेमागचं ऊन त्यासाठी उपयोगाचं नाही. खास दिवा लावला तरी तो दिसायला पेटता राहतो आणि किरण मात्र हळूहळू कमी होत जातात. दिव्याच्या प्रकारानुसार सहा महिने ते वर्षभरात तो बदलावा लागतो. कॅल्शियम कमी पडलं की शरीर ते हाडांतून ओढतं. मग पाय धनुष्यासारखे वाकतात, जबडा मऊ पडतो आणि साध्या चढण्यातही हाड मोडतं.

दुसरं दुखणं पाण्याच्या कमतरतेचं. शॅमेलिअन सहसा वाटीतलं पाणी पीत नाही. पानांवरचे थेंब चाटतो. थेंब मिळाले नाहीत तर मूत्रपिंडांवर ताण येतो, युरिक आम्ल साठतं आणि त्याचे स्फटिक सांध्यांत बसतात. हा माणसाला होतो तसाच गाऊट. बोटांचे सांधे सुजतात, प्राणी पाय उचलून धरतो. विष्ठेबरोबर पडणारा पांढरा भाग पिवळा किंवा नारिंगी दिसू लागला, तर पाणी कमी पडतंय असं समजावं.

तिसरं, जखम आणि संसर्ग. तारेच्या जाळीत नख अडकून उपटतं, ओल्या-घाणेरड्या फांदीवर तळवा सोलतो, जंतू आत शिरतात. माणसाचा पू वाहतो. सरपटणाऱ्या प्राण्यांचा पनीरसारखा घट्ट होतो. म्हणून गाठ झाली की नुसत्या औषधाने सहसा भागत नाही, पशुवैद्यकाला ती उघडून साफ करावी लागते. हवा कोरडी असेल तर कात बोटाभोवती कड्यासारखी अडकते, रक्तपुरवठा तुटतो आणि बोट काळं पडतं. अशी कात ओढू नये. आधी ओलावा द्यावा, मऊ होऊ द्यावी.

सूज एकच दिसली तरी कारणं इतकी वेगळी असल्यामुळे एक्स-रे आणि रक्ततपासणीशिवाय उपचार ठरवणं अवघड. हळद-तेलाचा लेप जखमेत घाण धरून ठेवतो आणि माणसांच्या वेदनाशामक गोळ्या जिवावर बेतू शकतात. औषध बरोबर निघालं तरी दिवा, पाणी आणि फांद्या तशाच राहिल्या तर दुखणं परत येतं. फांद्या वेगवेगळ्या जाडीच्या हव्यात, म्हणजे तळव्याच्या एकाच जागी भार येत नाही.

शिवारात जखमी शॅमेलिअन सापडला तर त्याला फांदीवरून ओढून काढू नये. बोटं किंवा नखं तुटतात. पुढ्यात दुसरी काडी धरली की तो आपणहून चढतो. भोकं पाडलेल्या खोक्यात ती काडी आडवी बसवून त्याला सावलीत ठेवावं. तोंडात दूध-पाणी ओतू नये. पायात दोरा असेल तर लोंबता भाग कापावा, मांसात रुतलेला तसाच राहू द्यावा. मग वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं. अकोल्यात पशुवैद्यक शिक्षणाची पदव्युत्तर संस्था आहे, आणि जखमी वन्यप्राण्यांसाठी नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. कुठे न्यायचं ते वनकर्मचारी ठरवतील. बरा झाल्यावर तो जिथे सापडला त्याच परिसरात सोडणं योग्य.

धुऱ्यावरच्या बाभळी-बोरीत त्याला ऊन, दव आणि जाडबारीक फांद्या फुकट मिळतात. पिंजऱ्यात यातली प्रत्येक गोष्ट विकत आणून रोज सांभाळावी लागते. म्हणून परदेशी शॅमेलिअन घ्यायचं मनात असेल, तर किमतीची चौकशी नंतर करा. आधी नोंदणीचे कागद पाहा, आणि सरपटणारे प्राणी तपासणारा पशुवैद्यक आपल्या गावापासून किती लांब आहे ते शोधा. तो सापडला नाही, तर बेत तिथेच सोडलेला बरा.