अंतराळापर्यंत पाइप नेला तर?

वर अंतराळात हवा नाही. मग इथून तिथवर एक लांबलचक पाइप उभा केला, तर पृथ्वीवरची सगळी हवा त्यातून सुर्रकन निघून जाईल का? लहानपणी हा प्रश्न आपल्यालाही पडला असेल. शंभर किलोमीटरचा पाइप उभा कोण करणार, हे तूर्त सोडून देऊ.

आधी एक शहाळं घेऊ. स्ट्रॉने आपण पाणी ओढतो असं म्हणतो, पण तोंडाने आपण फक्त स्ट्रॉमधली हवा काढून घेतो. भोकातून आत आलेली हवा पाण्यावर दाब देतच असते. पाणी वर चढवते ती. स्ट्रॉभोवतीचं भोक बोटांनी घट्ट दाबून बघा. एखादा घोट येईल, मग गाल आत जातील, पाणी येणार नाही.

बहुतेकांची गाडी इथेच अडते. निर्वात पोकळी, म्हणजे हवासुद्धा नसलेली जागा, काहीच ओढत नाही. ढकलते ती हवा.

आता पाइप. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर साधारण १ किलो हवेचा भार असतो, हाच वायुदाब. पाइपातल्या हवेचाही भार तेवढाच, म्हणून ती जागची हलत नाही. तशी आत्ताही हवेवर कुठे झाकण आहे? पाइप म्हणजे तिच्यातल्या थोड्या हवेभोवती घातलेलं कुंपण.

पाइप आधी रिकामा करून खालचं बूच काढलं तर? हवा जोरात आत घुसेल, आतला भार बाहेरच्याइतका झाला की स्थिरावेल.

त्याच रिकाम्या पाइपचं टोक समुद्रात बुडवलं, तर पाणी जेमतेम १० मीटर चढेल. वर अख्खं अंतराळ रिकामं असलं तरी तेवढंच, कारण तेवढ्या पाण्याचा भार बाहेरच्या हवेच्या भाराइतका होतो. गॅलिलिओने १६३८च्या पुस्तकात साधारण याच उंचीला पाणी अडलेल्या एका पंपाची हकीकत दिली आहे. पाण्याचा स्तंभ दोरीसारखा स्वतःच्या वजनाने तुटतो, असं त्याला वाटलं. त्याच्यासारखा माणूस चुकला, तर आपण कशाला लाजायचं? पुढे टॉरिचेली या शास्त्रज्ञाने पाण्याऐवजी जड पारा वापरला. तो ७६ सेंटिमीटरवरच थांबला.

आपल्याकडे खोल विहिरीत मोटर काठावर न ठेवता आत, पाण्याजवळच्या टप्प्यावर बसवतात, ती याचसाठी. प्रत्यक्षात सात-आठ मीटरच्या पुढे काठावरची मोटर नुसती घरघरते. खोल बोअरच्या हापशाचा सिलिंडर तर थेट खाली पाण्यातच असतो.