वढवाणा जलाशयाची सहल : पूर्वतयारी आणि पथ्ये

बडोदे शहराच्या आग्नेयेस, डभोई तालुक्यात, वढवाणा नावाचा विस्तीर्ण जलाशय आहे. हिवाळ्यात येथे हजारो पाणपक्षी उतरतात आणि त्यांना पाहावयास शाळांच्या सहली, कुटुंबे व अभ्यासक मोठ्या संख्येने येतात. तथापि पुष्कळांची येथे निराशा होते. कोणी भर दुपारी पोहोचतो, कोणी ऐन उन्हाळ्यात जातो, तर कोणाच्या गलबल्याने पक्षी दूर निघून जातात. वढवाणा हे केवळ सहलीचे ठिकाण नसून ते शेतकऱ्यांचे तळे व पक्ष्यांचा आसरा आहे, ही गोष्ट लक्षात घेऊन बेत आखल्यास सहल सुखाची व उपयुक्त होते.

तळ्याचा पूर्वेतिहास

हे तळे निसर्गनिर्मित नाही. महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या कारकिर्दीत, १९०९-१० च्या सुमारास, बडोदे संस्थानाने ते शेतीच्या पाण्यासाठी बांधविले. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळाने गुजरातेत माणसांचा व गुराढोरांचा मोठा संहार झाला होता. त्यानंतरच्या दशकातील हे काम होय. ओरसंग ही नर्मदेची उपनदी. तिचे पावसाळी पाणी जोजवा येथील बंधाऱ्यावर अडवून कालव्याने या तळ्यात आणले जाते आणि पुढे कालव्यांनी आसपासच्या गावांच्या शेतांना पुरविले जाते.

बांधणाऱ्यांच्या मनात पिके होती, पक्षी नव्हते. परंतु उथळ पाणी, पाणवनस्पती, मासे आणि भोवतालची शेते यांमुळे पक्ष्यांनी हे स्थान आपलेसे केले. येथे ८० हून अधिक जातींचे स्थलांतरित पाणपक्षी येतात. २०२१ साली वढवाण्याचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत झाला. या यादीत नोंदलेले क्षेत्र ६३० हेक्टर आहे.

पाण्याची पातळी आणि पक्षी

केव्हा जावे, या प्रश्नाचे उत्तर पाण्याच्या पातळीत आहे. पावसाळ्याअखेर तळे भरलेले असते. अशा खोल पाण्यात बुडी मारून खाद्य शोधणारी लालसरीसारखी बदके व वारकरी पक्षी यांना सोयीचे जाते. रब्बीच्या पिकांस पाणी सुटू लागले की काठ उघडे पडतात. मग थापट्या, तलवार बदक यांसारखे उथळ पाण्यातील पक्षी काठाकडे सरकतात, तर तुतवार व शेकाट्या चिखलातील किडे टिपताना दिसतात. शेतकऱ्याच्या गव्हाला मिळणारे पाणी अशा रीतीने पक्ष्यांच्या ताटाशी जोडलेले आहे. ज्या वर्षी पाऊस अपुरा होतो, त्या वर्षी तळे लवकर आटते आणि शेतकरी व पक्षी या दोघांनाही त्याची झळ पोहोचते.

म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने भेटीस उत्तम होत. त्यातही डिसेंबरचा उत्तरार्ध व जानेवारी विशेष अनुकूल असतात. २ फेब्रुवारी हा जागतिक पाणथळ दिन याच हंगामात येत असल्याने शाळांनी सहलीसाठी त्या सुमाराचा विचार अवश्य करावा. मार्चपासून पाहुणे पक्षी परतू लागतात.

प्रवास व वेळ

बडोद्याहून वढवाणा सुमारे ४५ ते ५० किलोमीटर असून वाट डभोईवरून जाते. डभोईस रेल्वेने अथवा बसने पोहोचता येते. तेथून पुढे वाहनाची सोय आधी करून ठेवणे इष्ट. इंदूर-धारकडील प्रवाशांस अलीराजपूर, छोटाउदेपूर व बोडेलीमार्गे येता येते.

सूर्योदयाच्या सुमारास तळ्यावर असावे. पहिल्या दोन-तीन तासांत पक्ष्यांची हालचाल भरपूर असते आणि ऊनही कोवळे असते. दुपारी पक्षी दूर पाण्यात विसावतात व तापलेल्या हवेमुळे दुर्बिणीतूनही आकृती अस्थिर दिसतात. संध्याकाळी चारनंतर पुन्हा चांगला वेळ मिळतो. प्रवेशाच्या वेळा, शुल्क व नियम बदलू शकतात, यास्तव निघण्यापूर्वी बडोदे येथील वन विभागाच्या कार्यालयात चौकशी करावी.

मधला दुपारचा वेळ डभोईत सत्कारणी लावता येतो. तेथील तेराव्या शतकातील तटबंदीचा हिरा दरवाजा शिल्पकामासाठी प्रसिद्ध आहे. डभोईजवळच १७३१ साली थोरले बाजीराव व सेनापती त्र्यंबकराव दाभाडे यांच्यात लढाई होऊन दाभाडे धारातीर्थी पडले. इतिहासाच्या शिक्षकांस विद्यार्थ्यांशी बोलण्यास हा विषय हाताशी आहे.

सोबत काय घ्यावे

दुर्बीण, पक्ष्यांची सचित्र पुस्तिका, वही व पेन्सिल, पिण्याचे पाणी, टोपी आणि पहाटेच्या थंडीसाठी उबदार कपडे एवढे पुरे. कपडे मातकट अथवा हिरवट रंगाचे असावेत. दुर्बिणी थोड्या असल्यास विद्यार्थ्यांच्या लहान तुकड्या कराव्यात. एका तुकडीने पक्षी पाहावेत, दुसरीने मोजणी लिहावी, तिसरीने पाण्याची पातळी व काठची वनस्पती टिपावी. मग कामे आलटून-पालटून द्यावीत. शंभर नावे पाठ करण्यापेक्षा दहा पक्षी नीट ओळखता येणे अधिक मोलाचे आहे.

पथ्ये कशासाठी?

येथे उतरणारा पट्टकादंब हा हंसाच्या कुळातील पक्षी मध्य आशियातून हिमालय ओलांडून येतो. वसंतात त्याला तोच प्रवास उलट करावयाचा असतो. त्यासाठी हिवाळाभर खाऊन अंगात चरबी साठवावी लागते. माणसाच्या ओरडण्याने, दगड मारल्याने किंवा छायाचित्रासाठी फार जवळ गेल्याने थवा उडतो. तेव्हा त्याची खाण्याची वेळ जाते आणि साठविलेली शक्तीही खर्च होते. दिवसातून अनेकदा असे घडले तर परतीच्या वाटेवर पक्षी दुबळा ठरतो. आपल्या दृष्टीने क्षणाची गंमत असली, तरी त्याच्या दृष्टीने तो जीवनमरणाचा प्रश्न असतो.

यास्तव ठरवून दिलेल्या वाटेनेच चालावे, आवाज हलका ठेवावा, ध्वनिवर्धक लावू नये आणि पक्ष्यांना खाऊ घालू नये. प्लॅस्टिकच्या पिशव्या व उरलेले अन्न परत न्यावे. मेलेला अथवा आजारी पक्षी आढळल्यास त्यास हात न लावता कर्मचाऱ्यास कळवावे. सभोवतालची शेते खाजगी आहेत. पिकांतून चालू नये व कालव्याच्या दारांना हात लावू नये. ग्रामस्थांशी मात्र अवश्य बोलावे. तळे केव्हा भरले, पाणी केव्हा सुटले आणि पहिले थवे कोणत्या सुमारास आले, हे तेथे वर्षानुवर्षे राहणाऱ्यांइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

शतकापूर्वी दुष्काळाची आठवण ताजी असताना बांधलेले हे तळे आजही पिके व पक्षी या दोहोंस पोसत आहे. पाहुण्याने तेथे पाहुण्याच्या मर्यादेने वागावे, एवढीच त्या तळ्याची अपेक्षा आहे. ती पाळली गेल्यास आज सहलीस आलेला विद्यार्थी उद्या आपल्या मुलांना घेऊन येईल, तेव्हाही वढवाण्याच्या पाण्यावर हे थवे उतरतील.