रस्त्याला तोंडं किती?

रस्ता सुरक्षित कशाने होतो? असं विचारलं तर बहुतेक जण सांगतील, "रुंद केला की झालं!" पण रुंदीइतकंच महत्त्वाचं असतं ते म्हणजे त्या रस्त्याला तोंडं किती आणि ती कुठे! आमच्या सिव्हिलच्या भाषेत याला 'अ‍ॅक्सेस मॅनेजमेंट' म्हणतात.

हिशोब अगदी सोपा आहे. दोन गाड्यांचे मार्ग जिथे मिळतात, फुटतात किंवा एकमेकांना छेदतात, तो 'कॉन्फ्लिक्ट पॉइंट'. साध्या दुहेरी रस्त्यांच्या चौकात असे ३२ पॉइंट असतात. टी जंक्शनवर ९. त्याच टी जंक्शनवर डिव्हायडर सलग ठेवला, म्हणजे डावीकडूनच आत आणि डावीकडेच बाहेर, की उरतात फक्त २! आणि सर्वांत घातक असे छेदणारे पॉइंट शून्य.

आता आपल्या सानपाड्याकडे बघू. एका अंगाला शीव-पनवेल महामार्ग, दुसऱ्या अंगाला पामबीच मार्ग. दोन्ही रस्ते वेगाचे, आणि मधे शाळा, सोसायट्या, स्टेशन. ताशी ८० किलोमीटरने येणाऱ्या ड्रायव्हरला अडथळा दिसल्यापासून थांबायला सुमारे १२० मीटर लागतात. त्यातले ५५ मीटर तर ब्रेकवर पाय पडेपर्यंतच जातात, कारण प्रतिसादाला आपण अडीच सेकंद धरतो. अशा गाडीपुढे गल्लीतून एखादी रिक्षा एकदम आली तर चूक कुणाची, हा प्रश्न नंतरचा. जागाच चुकीची आहे!

म्हणून सर्व्हिस रोड. दुकानं, गेटं, गल्ल्या यांची तोंडं त्यावर उघडायची आणि सर्व्हिस रोड मुख्य रस्त्याला मोजक्याच ठिकाणी जोडायचा. तिथेही वेग वाढवायला किंवा कमी करायला वेगळी लेन द्यायची. तोच सर्व्हिस रोड पार्किंगने भरला, की सगळं मुसळ केरात!

याचं टोकाचं उदाहरण म्हणजे २००२ मध्ये पूर्ण झालेला मुंबई-पुणे एक्सप्रेस वे. सुमारे ९५ किलोमीटरमध्ये प्रवेश ठरलेल्या ठिकाणीच, दुचाकी आणि पादचाऱ्यांना बंदी. तरीही अतिवेग आणि लेन कापणं यामुळे तिथे अपघात होतातच. म्हणजे तोंडं कमी केली की वेग वाढतो, आणि त्याचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो. पामबीचवरून मोराज सर्कलला येणाऱ्या गाडीचा वेग चौकाच्या आधीच उतरायला हवा, तो याचसाठी.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. डिव्हायडरमधली गॅप नुसती बुजवून भागत नाही. पुढचा यू-टर्न फार लांब असेल तर बाईकवाला उलट्या दिशेने येणार आणि स्टेशनला निघालेला माणूस डिव्हायडरवरून उडी मारणार. माणसाचे पाय जवळची वाट शोधतातच. तेव्हा एक तोंड बंद करताना जवळच दुसरी सुरक्षित वाट द्यायलाच हवी: यू-टर्न, सबवे किंवा टायमिंग नीट असलेला सिग्नल.

मित्रांनो, उद्या आपल्यापैकीच कुणीतरी असा नकाशा काढणार आहे. कागदावरची गॅप बंद करण्याआधी, तिथून रोज कोण जातं हे एकदा उभं राहून मोजा!