बंदुकीची नळी आणि घरातली मुले

कर्जत-खालापूरच्या दमट पावसाळ्यात लोखंड लवकर गंजते. पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद १९५९ च्या शस्त्र कायद्यात आहे. तिच्या दारूची काजळी ओलावा शोषते. म्हणून नळी त्याच दिवशी गरम पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडी करून आतून तेलाचा हलका हात देतात. रायफलीच्या नळीत पॉलिश कागद घालू नये, आतले आटे झिजतात.

याच साफसफाईत शिसे हाताला लागते. गोळ्या-छऱ्यांच्या शिशाची पूड चिंध्यांवर, बोटांवर येते आणि तंबाखू, बिडी, भाकरीबरोबर पोटात जाते. मुलांचे शरीर मोठ्यांपेक्षा जास्त शिसे शोषते. त्याने रक्तक्षय होतो, बुद्धीची वाढ खुंटते. रक्तातले शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानलेले नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आधी बंदूक रिकामी असल्याची खात्री करावी. सफाई अंगणात, हातमोजे घालून करावी, स्वयंपाकघरात नको. मुले व गरोदर स्त्रिया दूर असाव्यात. नंतर हात साबणाने धुवावेत, कपडे वेगळे धुवावेत, चिंध्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. पोटदुखी, बद्धकोष्ठता, थकवा टिकला तर डॉक्टरांना बंदुकीचे सांगावे. रक्तातले शिसे तपासता येते.