मेंदीची पारख
आयुर्वेदास 'मदयन्तिका' या नावाने परिचित असलेली मेंदी लग्नसराईत नाशिकच्या बहुतेक औषधी दुकानांतून विकली जाते. राजस्थानातील सोजतच्या मेंदीस २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तथापि पाकिटावर 'सोजत' छापले म्हणजे आतील चूर्ण शुद्धच, असे मानू नये.

शुद्ध मेंदीचा रंग प्रथम नारिंगी उमटतो व एकदोन दिवसांत तांबूस-तपकिरी होतो. तो काळा कधीच होत नाही. तासाभरात काळी रंगणारी 'काळी मेंदी' म्हणजे बहुधा पॅराफिनिलीनडायअमाइन (पीपीडी) मिसळलेला माल. त्याने त्वचेवर फोड येतात. शिवाय एकदा निर्माण झालेली ही असात्म्यता बहुधा आयुष्यभर टिकते आणि पुढे साधा केशरंगही सोसत नाही. नववधूच्या हातांवर असे व्रण उमटावेत, याहून दुर्दैव कोणते? काळ्या केसांचा आग्रहच असेल, तर मेंदीनंतर नीलिनीपत्राचा लेप सुचवावा.

खरेदीपूर्वी चिमूटभर चूर्ण ओल्या पांढऱ्या टीपकागदावर टाकावे. लगेच गडद हिरवा डाग पसरला, तर वरून रंग मिसळल्याचा संशय घ्यावा. पेलाभर पाण्यात ढवळल्यास वाळू तळाशी बसते. जुने चूर्ण तपकिरी पडते व फिके रंगते. म्हणून पावसाळ्यात मोठा साठा न करता ते हवाबंद डब्यात, प्रकाशापासून दूर ठेवावे. घटकद्रव्ये न छापलेले तयार कोन तर दुकानात ठेवूच नयेत.